न आलेल्या माणसासाठी उपकारस्तुती

सासूला आम्ही आत्ती म्हणतो. माझ्या आत्ती नऊ वर्षं माझ्याजवळ राहिल्या, आणि त्या आल्या त्या मी लिहिलेल्या एका चिठ्ठीमुळे. चिठ्ठी एका ओळीची होती. तिच्याबद्दल मी कधी कुणाशी नीट बोलले नाही. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो, लहानपणापासूनच. लिहिता मात्र येतं. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले ते पुसलेलं नाही. म्हणून या वहीत लिहून ठेवते.

हे इचलकरंजीला मागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. मी कोल्हापुरात मुलींच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या करायला होते. बोर्डिंगच्या मागं एक खोली मला मिळाली होती. आठवडाभर हे तिकडं कारखान्यातच झोपायचे, शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं यायचे, रविवारी आम्ही दोघं चर्चला जायचो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं हे परत. लग्नाला आठ वर्षं झाली होती. मूल नव्हतं. हे त्यावरून मला कधी टोचून बोलले नाहीत. भांडणही नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं पुष्कळांनी विचारलं, काय भांडण झालं होतं का म्हणून.

सहासष्ट साली, पावसाळा संपता संपता, एका सोमवारी हे नेहमीसारखे गेले. धुणं धुताना माझ्या ध्यानात आलं की ह्यांचा रविवारचा पांढरा सदरा नाही. त्याची कॉलर विरली होती. शिंप्याकडून उलटून घ्यायला नेला असेल असं मी धरलं. तो शनिवार गेला, हे आले नाहीत. पुढचाही गेला. मग तिसऱ्या आठवड्यात मी बोर्डिंगच्या बाईंना विचारून इचलकरंजीला गेले. आयुष्यात एकटी पहिल्यांदाच.

मागाच्या कारखान्यात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. सगळे एकमेकांशी खुणांनी नाहीतर ओरडून बोलतात. मी दाराशी उभी. मालकाच्या माणसानं दोनदा विचारलं, काय पाहिजे. मी सांगितलं, पण माझं मलाच ऐकू आलं नाही. शेवटी मागाच्या कांड्यांवर सूत भरणारी एक बाई उठून माझ्याजवळ आली, कान माझ्या तोंडाशी आणला. मी ह्यांचं नाव कशी घेणार. म्हटलं, कोल्हापूरचे जॉबर. ती म्हणाली, "गेला की त्यो. गेल्याच्या गेल्या शनिवारी हिशेब केला आन् पेटी घिऊन गेला. तुला ठावं न्हाय व्हय?" ठावं नाही असं सांगायला मला मान हलवावी लागली. तिनं मला बाहेर नेऊन चहा पाजला. कुठं गेले ते तिला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. भिवंडीला जातात लोक, मालेगावला जातात, असं म्हणाली. येताना गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते आणि मला रडू आलं नाही, फक्त त्या मागांचा आवाज कोल्हापूरपर्यंत कानात राहिला.

पोलिसांत कळवलं. त्यांनी फोटो मागितला. लग्नातला एक होता, त्यात हे दाराजवळ मागं उभे, अर्धा चेहरा दुसऱ्याच्या फेट्याआड. हवालदार म्हणाला, यावरनं कसा ओळखायचा, बाई.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमध्ये आमच्यासाठी प्रार्थना होऊ लागली. आमच्याकडं उपासनेत आजाऱ्यांची, प्रवासातल्यांची, अडचणीतल्यांची नावं घेऊन प्रार्थना करतात. पाळकसाहेब माझं नाव घेऊन म्हणायचे, आमच्या बहिणीचे पती घरापासून दूर आहेत, त्यांना सुखरूप परत आण. सगळी मंडळी आमेन म्हणायची. ते आमेन मला आठवडाभर पुरायचं. पहिलं वर्ष मला खरंच वाटायचं की इतकी माणसं मागताहेत, तर देव नाही कसा म्हणेल. दुसऱ्या वर्षी आमेन तेवढंच मोठं होतं, पण मी घरी येऊन डोक्यावरचा पदर सोडला की आत काही उरलेलं नसायचं. गुडघे टेकले की तेच शब्द. ते शब्द वर जात नाहीत, छतालाच लागून खाली येतात, असं वाटायचं. मग वाटायचं, माझ्याच विश्वासात कुठंतरी छिद्र आहे. इतरांचं देव ऐकतो. माझं का नाही?

दोन वर्षं झाली आणि दिवाळीच्या आधी आमच्याकडं तीन दिवसांच्या सभा झाल्या. बाहेरगावच्या एक उपदेशक बाई आल्या होत्या. फार चांगलं बोलायच्या. त्यांनी सांगितलं की तुम्ही मागता, पण मिळालं असं धरून चालत नाही. हे म्हणजे ताट वाढून घ्यायचं आणि जेवायला बसायचं नाही. आधी उपकार माना, मग बघा. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. मला वाटलं, बाई माझ्याकडं बघूनच बोलतात. छिद्र सापडलं असं वाटलं. दोन वर्षं मी ताट समोर ठेवून नुसती रडत बसले होते.

दिवाळीनंतर आमचा कापणीचा सण असतो. ज्याच्याकडं जे पिकलं असेल ते चर्चमध्ये आणून वेदीपुढं ठेवायचं. कुणी भात आणतं, कुणी ऊस, अंडी, नारळ. आणि कशासाठी उपकार मानतो ते चिठ्ठीवर लिहून त्या वस्तूला लावायचं. मूल झालं, नोकरी लागली, ताप उतरला. या चिठ्ठ्या कधी कुणी वाचत नसे. पाळकसाहेब सगळ्यावर मिळून एक प्रार्थना करायचे, नंतर वस्तूंचा लिलाव व्हायचा, आणि चिठ्ठ्या झाडून काढल्या जायच्या. ती देवाची आणि आपली गोष्ट, अशीच माझी समजूत होती.

स्वयंपाकघराच्या मागं मी भोपळ्याचा वेल लावला होता. त्या वर्षी एक चांगला मोठा लाल भोपळा धरला. तो मी धुऊन पुसून नेला आणि बाभळीच्या काट्यानं त्याला चिठ्ठी टोचली. त्यावर लिहिलं होतं, माझे पती सुखरूप घरी आले म्हणून देवाचे उपकार मानते. खाली नाव. दोन वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं होतं. मी खोटं लिहिते आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

पाळकसाहेब त्या वर्षी नवीन आले होते. त्यांनी ठरवलं होतं की चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या, म्हणजे सगळ्या मंडळीला आनंद वाटून घेता येईल. हे त्यांनी उपासनेतच सांगितलं. वाचायला आमचे मास्तर उभे राहिले. ते शाळेचे हेडमास्तर आणि मंडळीचे पंच होते. एकेक वस्तू उचलून चष्म्यातून चिठ्ठी वाचत होते. तांदूळ झाले, दोन नारळ झाले. मला तेव्हाच उठून पुढं जाऊन भोपळा काढून घेता आला असता. बाजूनं वाट होती. पण सगळ्यांसमोर चालत जायचं म्हणजे माझ्यासाठी मरणच. मी बसून राहिले. मास्तरांनी भोपळा उचलला, चिठ्ठी वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचली.

बायकांच्या बाजूला सगळ्या माना वळल्या. कुणीतरी देवाची स्तुती असो म्हणालं. पाळकसाहेबांचा चेहरा असा उजळला की मला अजून दिसतो. त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि डोळे मिटून देवाचे आभार मानले, हरवलेलं माणूस परत दिल्याबद्दल. शेजारची म्हातारी बाई रडत होती, तिनं माझा हात घट्ट धरला होता. दोन वर्षं ज्या मंडळीनं आमेन म्हटलं, तिचं त्या दिवशीचं आमेन सगळ्यांत मोठं होतं.

बाहेर आल्यावर सलाम करायला सगळ्यांनी गराडा घातला. कधी आले, कुठं होते, कसे आहेत. मी खाली बघून मान हलवत होते. एक जण म्हणाली, "एवढ्या दिसांनी आल्यात आन् चर्चला आणायचं न्हाय व्हय?"

मी म्हणाले, "दमल्यात."

हा एक शब्द. चिठ्ठी मी विश्वासानं लिहिली होती, हे मी अजूनही देवापुढं सांगेन. पण हा शब्द विश्वासाचा नव्हता. तो मी माझी सुटका करून घ्यायला बोलले.

दुपारी सहा-सात जणं खोलीवर आली, पाळकसाहेब आणि त्यांच्या बाई पुढं, सणाच्या जेवणाचा डबा घेऊन. मी पळतच घरी येऊन आतून कडी लावून बसले होते. शेजारी बँडवाल्याचं कुटुंब राहायचं. चाचा लग्नांत क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांची बायको, जिला मी चाची म्हणायचे, ती दारात तांदूळ निवडत होती. लोकांनी तिला विचारलं, साहेब कसे आहेत? तिनं विचारलं, कोण साहेब? मग म्हणाली, "कोण बी न्हाय आलं, बाबा. दोन साल हो गये. मी दिसभर हितंच बसलेली असते, मला दिसलं नसतं व्हय?"

मी कडी काढली तेव्हा बाकीचे मागं सरकले होते. पाळकसाहेब एकटे आत आले. पेटीवर बसले. मी भिंतीशी उभी. त्यांनी खूप शांतपणे विचारलं, असं का लिहिलं. मला सांगायचं होतं सगळं, ताटाचं, छिद्राचं. एक शब्द आला नाही. ते म्हणाले, "बाई, देवावर भरवसा ठेवायचा. पण जे झालं नाही ते लोकांना झालं म्हणून सांगायचं नसतं." डबा ठेवून गेले. ते वाईट माणूस नव्हते. पुढच्या रविवारी त्यांनी आजाऱ्यांची नावं घेतली, प्रवासातल्यांची घेतली, आणि आमचं नाव यायचं तिथं जरा थांबले, श्वास घेतला आणि पुढं गेले. काढून टाकायचं असं कुणी ठरवलं नसेल. पण जो आला म्हणून आभार मानले, त्याला परत आण असं कुठल्या तोंडानं म्हणणार. त्या दिवसापासून ह्यांच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली नाही.

नळावर बायका मला भोपळेवाली म्हणू लागल्या. एक म्हणाली, आमचंबी मालक घरी आल्यात म्हणून लिहू का, रोज पिऊन भायेरच पडलेलं असत्यात. सगळ्या हसल्या. मी घागर अर्धी भरूनच निघाले.

हे सगळं मला सहन झालं असतं. पण सणाला आत्तींच्या गावचा एक माणूस आला होता. ते गाव पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला. लिलावात ऊस घेऊन तो दुपारच्या आत निघून गेला, म्हणजे त्यानं चिठ्ठी ऐकली आणि पुढचं काही ऐकलं नाही.

बुधवारी सकाळी मी भाकऱ्या थापत होते. निरोप आला की तुमच्या आत्ती आल्या आहेत. हात धुऊन गेले. आत्ती दारात बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून, आणि काखेत पाय बांधलेला कोंबडा. गाडीत कंडक्टरनं कोंबड्याचं तिकीट मागितलं, त्याच्याशी त्या अख्खी वाट भांडत आल्या होत्या, तेच आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "कुठं हाय त्यो? कामाला गेला व्हय लगीच?"

मी म्हटलं, आत चला.

"येतो की आत. पर कोंबडा आता न्हाय कापायचा. त्यो आला म्हंजी कापू. त्याला ताजं लागतंय."

त्यांनी खोलीत सगळीकडं बघितलं. खुंट्या बघितल्या. माझ्याकडं बघितलं. तेव्हा मी सांगितलं. त्या दिवशी घसा बंद झाला नाही, का ते माहीत नाही. आले नाहीत, मीच चिठ्ठीवर तसं लिहिलं, असं सगळं सांगितलं. आत्ती ऐकत होत्या. कोंबडा काखेतच होता. मी वाट बघत होते की त्या मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी कोंबडा काखेत नीट धरला आणि म्हणाल्या, "कुणाला लिवलंस? लोकास्नी का देवाला?"

"देवाला."

"मग येतोय की. देवाला सांगितलंस आला म्हणून, आता त्येला आणाय नको व्हय? त्येचं नाव खराब हुईल न्हाय तर." आणि कोंबडा खाली ठेवून म्हणाल्या, "ह्याला भायेर बांध. मी आलीया ती थांबतो आता."

मला वाटलं चार दिवस राहतील. थोरल्या दिरांकडं त्यांचं घर होतं, नातवंडं होती. पण आत्ती गेल्याच नाहीत. दीर एकदा न्यायला आले, तर त्यांना म्हणाल्या, माझा ल्योक हितं येणार हाय, तुझ्याकडं न्हवं.

माझा विश्वास त्या रविवारीच संपला होता. आत्तींचा तिथून सुरू झाला. आणि तो माझ्या चिठ्ठीवर उभा होता. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिलेल्याचं त्यांना फार मोल होतं. त्यांची प्रार्थना मोठ्यानं असायची, जणू पलीकडच्या शेतातल्या माणसाशी बोलताहेत. देवा, तुला सांगितलंय एकदा, ध्येनात हाय न्हवं? एवढंच म्हणायच्या आणि आडव्या व्हायच्या, आणि लगेच झोप लागायची. मी जागी. त्यांच्या शेजारी गुडघे टेकून मी ओठ हलवायचे, आत काही नसायचं. सोबतीला म्हणून हलवायचे.

कोंबडा दुसऱ्या पावसाळ्यात मानमोडीनं मेला. आत्ती कापू द्यायच्या नाहीत, म्हणून म्हातारा होईपर्यंत राहिला होता. मी खड्डा करून पुरला.

दर वर्षी कापणीच्या सणाला आत्ती विचारायच्या, "लिवलंस न्हवं?" मी व्हय म्हणायचे. मी लिहीत नव्हते. वस्तू न्यायचे, कधी भोपळा, कधी शेवग्याच्या शेंगा, पण चिठ्ठी नाही. ते पाळकसाहेब बदलून गेले होते, चिठ्ठ्या वाचायचं बंद झालं होतं, तरी माझ्यानं लिहवलं नाही. आत्तींना मात्र वाटायचं की दर वर्षी देवापुढं तीच गोष्ट लेखी जाते. दर वर्षी त्या व्हयवर त्या पुढचं वर्ष काढायच्या. आणि मी बघत होते, त्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या.

दुष्काळाच्या वर्षी एकदा आशा आली. आमच्या मंडळीतला एक जण भिवंडीहून आला, त्यानं सांगितलं की तिथं असाच उंच, एक खांदा खाली टाकून चालणारा जॉबर बघितला. मी तिथल्या चर्चला पत्र लिहिलं. उत्तर यायला सात महिने लागले. ते सात महिने मी टपालवाल्याच्या सायकलची घंटा वाजली की भाकरी तव्यावर जळू द्यायचे. हात पुढं जायचाच नाही. आत्ती मात्र शांत. उत्तर आलं की असा कुणी माणूस इथं नाही, शोध घेतला, देव तुम्हाला धीर देवो. मी आत्तींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चुकीच्या गावाला लिवलंस."

त्या पत्रानंतर मी मागणं सोडलं. ठरवून नाही. एके दिवशी लक्षात आलं की पुष्कळ दिवसांत मागितलं नाही. वर्षं तशीच गेली, भाकऱ्या, धुणं, रविवार. मी चर्चला जात होते, कारण आत्तींना हात धरून न्यावं लागायचं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं ते बिघडलं, दुसऱ्याचं त्या करू देईनात. नंतर उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी दुपारी दारात बसायच्या. चाचीनं एकदा चेष्टा केली, आत्ती, तुम्हाला दिसत न्हाय, मग बघताय काय? तर म्हणाल्या, मला न्हाय दिसत, पर त्येला मी दिसंन की.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांचे पाय सुजले. मग पोट. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता घरीच ठेवा. तीन आठवडे त्या भिंतीला टेकून बसून होत्या, आडवं झालं की श्वास अडकायचा. त्या दिवशी दुपारी खोलीत चाची होती आणि पाळकसाहेबांच्या बाई आल्या होत्या, म्हणजे नव्या पाळकांच्या. चाचा दवाखान्यातून औषधाची बाटली घेऊन आले आणि दारात उभे राहिले. उन्हातून आले होते, खोकले.

आत्तींनी मान वर केली. पुरुषाचा खोकला ऐकला होता. "आला का?" म्हणाल्या.

त्यांनी हात पुढं केला. सुजलेला, जड हात होता, तो त्यांनी कसा उचलला कोण जाणे. "आला न्हवं? हिकडं ये की रं."

चाचीनं माझ्या दंडाला धरलं आणि हळू म्हणाली, "बोल दे. आ गया बोल. तेरा क्या जाता है?" आणि चाचांना तिनं डोळ्यानं खूण केली. चाचा बिचारे चप्पल काढून आत आले, आत्तींच्या समोर गुडघ्यावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाळकांच्या बाईंकडं बघितलं. मला वाटलं त्या तरी नको म्हणतील. त्या खाली बघत म्हणाल्या, "बोला, बाई. देव समजून घेईल."

चाचा हात धरणार होते. एवढं झालं असतं की सगळं संपलं असतं. आत्ती सुखानं गेल्या असत्या आणि मला कुणी दोष दिला नसता. आणि तेव्हा माझ्या तोंडातून आलं, "न्हाय आत्ती. शेजारचं चाचा हायत. औषध घेऊन आल्यात."

आत्तींचा हात तसाच राहिला. "त्यो न्हाय?"

"न्हाय आला."

"मग कवा येतोय?"

"मला ठाऊक न्हाय."

"तू तर लिवलंतंस."

"एकदाच लिहिलं होतं, आत्ती. परत न्हाय लिहिलं. तुम्हाला खोटं सांगत होते."

चाचीनं कपाळाला हात लावला. आत्तींनी हात खाली ठेवला, लुगड्यावर, आणि बोटांनी काठ चाचपत राहिल्या. मी म्हटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "दार लाव. उजेड टोचतोय." आणि तोंड भिंतीकडं केलं.

मी दार लावलं. नऊ वर्षांत दुपारी ते पहिल्यांदाच लागलं असेल.

त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाणी चाचीच्या हातून प्याल्या. प्रार्थनाही केली नाही. मी रोजच्या वेळी वाट बघितली, की आता देवाला हाक मारतील, पण त्या गप्प होत्या, डोळे उघडे. मी त्यांच्याजवळचं शेवटचं होतं तेही काढून घेतलं, हे मला तेव्हा कळलं. आधी लेक गेला, मग डोळे, आणि हे शेवटचं मी घेतलं. का खरं बोलले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पाप नको म्हणून बोलले असं म्हणायला आवडेल, पण तसं नव्हतं. चाचांचा हात पुढं येताना बघून मला एवढंच वाटलं की आता देव माझ्याकडं बघतो आहे, आणि त्याच्या तोंडचं मी पुन्हा बोलू नये. तो बोलत नाही तर नाही. त्याच्या वतीनं आला म्हणायचा मला हक्क नाही. आत्तींना त्याची किंमत द्यावी लागेल, याचा विचार मी त्या घटकेला केला नाही. तो विचार नंतर आला, आणि तो गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसत होते. त्यांनी विचारलं, "भाकरी खाल्लीस का?" मी खाल्ली नव्हती. खाल्ली म्हणून सांगणार होते, सवयीनं. म्हटलं, नाही. "खा मग," म्हणाल्या. दुपारी बाराच्या सुमाराला गेल्या. ते माफ करणं होतं की नुसती रोजची सवय, मला कळलं नाही. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळदा विचार केला आहे.

पुरताना दीर आले होते. त्यांनी विचारलं, धाकट्याचं काही कळलं का. मी मान हलवली.

आता मलाही साठी जवळ आली. बोर्डिंगमधलं काम सुटलं, खोली तेवढी राहू दिली आहे. हे आले नाहीत. येतील असं मला वाटत नाही. असतील की नसतील तेही माहीत नाही. लोक मला भरवशाची बाई समजतात, कारण मी एक रविवार चुकवत नाही. नव्या सुना माझ्याकडं अडचणी घेऊन येतात, प्रार्थना करा म्हणतात. मी करते. त्यांचं ऐकलं जातं की नाही, विचारत नाही.

हल्ली उपासनेत प्रार्थनेच्या शेवटी थोडा वेळ शांत ठेवतात, ज्याला जे नाव घ्यायचं ते मनात घ्यावं म्हणून. नवऱ्याचं नाव आम्ही तोंडानं घेत नाही, मी आयुष्यात घेतलं नाही, कारखान्याच्या दारातसुद्धा घेतलं नाही. पण तिथं घेते, मनातल्या मनात, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आला म्हणत नाही, आण म्हणत नाही. उपकारही मानत नाही. नाव घेते आणि थांबते. पुढचं देवाला ठाऊक आहे असं मी धरून चालते. त्याच्या पलीकडं माझ्याजवळ काही नाही, आणि हे सुद्धा पुष्कळ रविवारी नसतं. मग पाळकसाहेब आमेन म्हणतात आणि आम्ही उठतो.